खाडीचं तोंड

हर्ण्याला बंदर म्हणतात, पण बंदरात जे असायला हवं ते माझ्या लहानपणी हर्ण्याला नव्हतं. होडी टेकवावी असा धड धक्का नाही, लाटा अडवायला भिंत नाही. मच्छीमार होड्या बाहेर नांगरून उभ्या राहायच्या. त्यांच्यातलं म्हावरं लहान होडीत उतरायचं आणि ती लहान होडी उथळ पाण्यात आली की बैलगाड्या आस बुडेपर्यंत समुद्रात शिरायच्या. गाडीवाला बैलांशी बोलायचा, होडीवाला गाडीवाल्याशी भांडायचा आणि टोपल्या किनाऱ्यावर आल्या की लिलाव सुरू. तो लिलाव बघायला आता मुंबई-पुण्याची माणसं येतात, मोबाईल उंच धरून उभी राहतात. आम्हाला त्यात बघण्यासारखं काय ते कधी कळलं नाही. धक्का नसल्याची ती सगळी धावपळ होती.

माझा आजा पडावावर होता. मुंबईची आगबोट सुवर्णदुर्गाच्या बाहेरच्या अंगाला थांबायची, कारण आत यायला तिला पाणी पुरायचं नाही. मग पडाव तिच्या कुशीला लागायचे. वरून ट्रंका, वळकट्या, कोंबड्या, पोरं आणि शेवटी म्हाताऱ्या बायका उतरायच्या. पावसाळ्यात बोटी बंद. दर्या उघडेपर्यंत मुंबईतला चाकरमानी मुंबईत आणि त्याची पत्रं खुष्कीच्या वाटेनं. आजा सांगायचा, ‘हर्ण्याचं दार हर्ण्यात नाही, अंजर्ल्याला आहे.’ लहानपणी मला वाटायचं म्हातारा काहीतरी कोडं घालतोय. पुढे कळलं की तो अगदी सरळ बोलत होता.

हर्ण्याच्या उत्तरेला जोग नदीची खाडी. अलीकडे आडखळ, पाजपंढरी. पलीकडे अंजर्ले, वर कड्यावरचा गणपती. नदी तशी लहानच. सह्याद्रीतून निघणाऱ्या वाशिष्ठी-सावित्रीपुढे तिची काय मिजास! नकाशावर बोटाच्या नखाखाली झाकून जाईल. पण वारा फिरला, दर्या खवळला की हर्ण्याच्या होड्यांना जायला जागा ती एकच. उघड्या समुद्रात नांगर टाकून वादळ काढता येत नाही. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं, ३ जून २०२० ला निसर्ग आलं. दोन्ही वेळा ज्यांच्या होड्या आत होत्या आणि ज्यांच्या बाहेर होत्या, त्यांच्या घरांतलं रडणं वेगळं होतं. निसर्ग वादळात आमच्या आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. घरावरचे पत्रे शेजाऱ्याच्या विहिरीत सापडले. पण भावाची होडी खाडीत होती. दोन दिवस फोन नाही, वीज नाही. तिसऱ्या दिवशी चिखल तुडवत आम्ही खाडीवर गेलो आणि होडी शाबूत बघून भाऊ तिथेच बसला. छप्पर गेल्याचं त्याला संध्याकाळी आठवलं.

इतिहासाची पुस्तकं सुवर्णदुर्गाची गोष्ट तोफांच्या अंगानं सांगतात. कान्होजी आंग्र्यांचा उदय इथला. १७५५ च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सनं इंग्रजांची जहाजं आणून पेशव्यांच्या वतीनं तुळाजी आंग्र्यांकडून किल्ला घेतला. आपलं आरमार आपणच परक्याच्या तोफांनी बुडवायला सुरुवात केली ती इथून, असं आमचे इतिहासाचे मास्तर खडू आपटून सांगत. १८०२ मध्ये होळकरांपुढून पळालेला दुसरा बाजीराव इथेच येऊन राहिला आणि इथून गलबतानं वसईला जाऊन तहावर सही करून बसला. हे सगळं खरं. पण मला त्यात एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आंग्र्यांची गलबतं उथळ तळाची होती. मोठ्या विलायती जहाजांना खोल पाणी लागे, ती खाडीच्या तोंडाशी थबकत. गलबत भरतीबरोबर आत निघून जाई. कोकणच्या दर्यावरचं राज्य निम्मं किल्ल्यांवर आणि निम्मं खाड्यांच्या तोंडांवर उभं होतं. किल्ले पुरातत्त्व खात्याच्या पाट्या लावून उभे आहेत. खाड्यांची तोंडं मात्र गाळानं बंद होत चालली आहेत आणि त्याची पाटी कोणी लावत नाही.

दाभोळहून लाँच वाशिष्ठीतून गोवळकोटच्या धक्क्याला जायची, म्हणजे जवळजवळ चिपळुणात. सावित्रीतून महाडपर्यंत माल जायचा. आता त्या वाटांवर ओहोटीला गुडघाभर पाणी. डोंगर उघडे झाले, पावसाबरोबर माती खाली आली, नदीवर ठिकठिकाणी पाणी अडलं, त्यामुळे गाळ बाहेर लोटायला जो रेटा लागतो तो कमी पडला. समोरून समुद्र वाळू आणून टाकतोच. नदी आतून ढकलते, समुद्र बाहेरून ढकलतो. दोघांच्या जोराचा मेळ बसतो तिथे खाडीचं तोंड उघडं राहतं. नदी हरली की तोंडावर वाळूचा दांडा तयार होतो. जोग नदीचं तेच झालं. अंजर्ल्याच्या तोंडाशी होड्या रुततात, उलटतात. भरती येईपर्यंत बाहेर तिष्ठत राहायचं, आणि भांगाच्या दिवसांत भरतीलाही पुरेसं पाणी नसतं. गाळ काढा म्हणून मच्छीमारांनी किती निवेदनं दिली असतील त्याची गणती नाही. आमच्या घरातल्याच एका पिशवीत वडिलांच्या सहीचे तीन कागद आहेत.

म्हणूनच तीनेक वर्षांपूर्वी एक पाहुणा जे बोलला ते भावाला इतकं गोड लागलं. समुद्रावर फिरायला आलेला चांगला शिकलेला गृहस्थ. अंजर्ल्याच्या पुलावर उभा राहून म्हणाला, ‘इथे मरिना व्हायला पाहिजे. काय जागा आहे!’ मरिना म्हणजे काय ते त्यानंच समजावलं: श्रीमंतांच्या सहलीच्या बोटी, यॉट, ठेवायचं बंदिस्त तळं. तरंगते धक्के, वीज, पाणी, डिझेल, वर हॉटेल. ‘आणि खाडीतला गाळ ते लोक स्वतःच्या खर्चानं काढतील.’ तो गृहस्थ चहा पिऊन निघून गेला. कुठलाही प्रस्ताव नव्हता, कागद नव्हता, नुसतं बोलणं. पण त्या रात्री आमच्या ओटीवर भांडण झालं.

‘करू दे की मरिना,’ भाऊ म्हणाला. ‘वडिलांनी जन्म घालवला अर्ज करण्यात. कुणाच्या का कोंबड्यानं होईना, उजाडू दे.’

मी शाळामास्तर, दर्यावर गेलेलो नाही. होडीच्या गोष्टीत मी बोललो की भावाचा चेहरा बदलतो. तरी मी बोललो, कारण मी नावशी पाहिली होती.

माझी धाकटी बहीण गोव्यात दिलेली. तिचे यजमान बांबोळीला नोकरीला. २०११ च्या सुमारास मी तिच्याकडे आठवडाभर होतो. मेव्हण्यांनी एके दिवशी पठारावरून खाली नावशीला नेलं. झुआरीच्या उत्तर काठावरचं हे मच्छीमारांचं वस्तीवजा गाव, पंचायत कुडका-बांबोळी-तळावली. पठारावर विद्यापीठ, मोठं इस्पितळ, रुंद रस्ते. आणि पंधरा मिनिटं खाली उतरलं की वेगळंच जग: माडांखाली उलट्या घातलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या बायका. मला तर पाजपंढरीतच आल्यासारखं वाटलं. वास तोच.

तिथे तेव्हा मरिनाचा विषय पेटला होता. मुरगाव पोर्ट ट्रस्टनं आपल्या बंदराच्या हद्दीतलं म्हणून नावशीसमोरचं पाणी एका खासगी कंपनीला मरिनासाठी देऊ केलं होतं. नदी ओलांडली की सांकवाळ-चिखलीच्या बाजूला दुसऱ्या मरिनाचा प्रस्ताव होता. एक म्हातारे जाळं शिवत बसले होते. मेव्हण्यांनी माझी ओळख करून दिली, हर्ण्याचे, यांच्याही घरात होड्या आहेत. म्हाताऱ्यानं मान वर न करता विचारलं, ‘आमी आमची होडी खंय दवरपाची?’ आम्ही आमची होडी कुठे ठेवायची? त्यांचा सगळा विरोध त्या एका प्रश्नात होता. पर्यावरण, जैवविविधता हे शब्द नंतर आले, तेही बरोबरच होते. पण पहिला प्रश्न जागेचा होता. पोर्ट ट्रस्ट म्हणे पाणी आमचं. मुरगाव मोठं बंदर झालं तेव्हा कागदावर जी हद्द पडली, तिच्यात नदीचं तोंडही आलं. गावानं ती रेघ कधी पाहिली नव्हती, कारण पाण्यावर रेघ दिसत नाही. गावाचे बाप-आजे त्याच पाण्यात जाळी टाकत होते आणि कुणी भाडं मागायला आलं नव्हतं.

त्यानंतर गोव्याला गेलो की मी नावशीची चौकशी करू लागलो. ‘मरिना नाका’ या दोन शब्दांवर तो लढा वर्षानुवर्षं टिकला. ग्रामसभा, मोर्चे, पर्यावरण अहवालावरच्या हरकती, जनसुनावणीचा घोळ. २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पांत लोकांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, हे तिथल्या होडीवाल्यांना आमच्या तालुक्यातल्या वकिलांपेक्षा चांगलं पाठ झालं होतं. यात एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटली. ते नुसतं नको म्हणून थांबले नाहीत. या उथळ पाण्यात काय काय आहे ते बोलून दाखवू लागले: कुठे कोळंबीची पिल्लं वाढतात, कुठे खुबे, कुठे शिनाणे, कुठल्या महिन्यात कुठलं जाळं.

समोरच्या चिखलीच्या खाडीत एक चपटा, कागदासारखा पातळ शिंपला होतो. जुन्या गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी बसवलेली दुधी तावदानं असतात ना, ती याच शिंपल्यांची. काच महाग होती तेव्हा नदीनं गोव्याला तावदानं पुरवली. हा शिंपला आता वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, वाघाच्या कायद्यात शिंपला! दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या डॉ. बबन इंगोले यांनी त्यावर अभ्यास केला होता. हा प्राणी चिखलात आडवा पडून असतो, पळू शकत नाही. वरून गाळ बसला की तो तिथेच गाडला जातो.

आता जरा झुआरीच्या वरच्या अंगाला जाऊ. ही नदी फार सोसून बसलेली. वरच्या भागात लोहखनिजाच्या खाणी, पावसाळ्यात तिथून येणारी लाल माती, नदीतून अहोरात्र खनिजाच्या बार्जेस. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातलं खाणकाम थांबवलं तेव्हा नदीला पहिल्यांदा थोडी उसंत मिळाली. पुढे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. एकूण ३५१ पट्टे. त्यात आपल्या महाराष्ट्राचे ५३, सगळ्या राज्यांत जास्त. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्याचे ११, आणि त्यांत झुआरी. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं सगळ्या राज्यांना बजावलं की नद्यांच्या पुनरुज्जीवनाचे आराखडे करा, समित्या नेमा. आपली वाशिष्ठीही त्या यादीत आहे.

म्हणजे बघा, एकाच नदीचे किती नकाशे! एका खात्याच्या नकाशात झुआरी आजारी, तिला बरं करायचं. दुसऱ्याच्या नकाशात, २०१६ च्या कायद्यानं, ती राष्ट्रीय जलमार्ग. तिसऱ्याच्या नकाशात ती बंदराची हद्द, भाड्यानं देण्याजोगी. वर सांडपाणी अडवायचं, माती अडवायची, प्राणवायू मोजायचा आणि खाली तोंडाशी पाणी कोंडायचं. घरातल्या माणसाला एका बाजूनं सलाईन लावायचं आणि दुसऱ्या बाजूनं नाकावर उशी ठेवायची, त्यातला प्रकार.

कोंडायचं म्हणजे काय, ते मी भावाला त्या रात्री सांगायचा प्रयत्न केला. गाळ काढणं म्हटलं की आपण एकच काम डोळ्यांसमोर आणतो, पण ही कामं दोन आहेत. आपल्याला तोंड मोकळं हवं. पाणी जोरात आत यावं, जोरात बाहेर जावं, जाताना माती घेऊन जावं. मरिनाला हवं असतं निवांत पाणी. किमती बोट हलता कामा नये, एकमेकींवर आपटता कामा नये. त्यासाठी भिंत किंवा आडोसा करून लाट आणि ओढ मारायची. आणि ज्या पाण्याची ओढ मेली त्यात गाळ बसतो, हे तर आपल्या विहिरीच्या पायरीवर ठेवलेल्या कळशीतही दिसतं. मग दरवर्षी आतला गाळ उपसा, तो कुठेतरी नेऊन टाका. काढतील ते गाळ, पण त्यांच्या तळ्यातला. तोंडावरचा दांडा आहे तिथेच राहील किंवा सरकून आपल्या वाटेवर येईल.

भाऊ म्हणाला, ‘हे तुला कुणी सांगितलं?’

‘वाचलं.’

‘वाचलं!’ तो हसला.

मग मी त्याला फ्रान्समधली गोष्ट सांगितली, ती त्याला पटली, कारण ती रंगाची होती. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर आर्काशों नावाची खाडी आहे, कालवांच्या शेतीसाठी नावाजलेली. तिथे सहलीच्या बोटींची गर्दी झाली. बोटीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून कथिलाचं एक विषारी रसायन घातलेला रंग तेव्हा सर्रास लावत. १९७० नंतरच्या दशकाअखेर कालवांची पिल्लं धरेनात, शिंपा वेड्यावाकड्या जाड होऊ लागल्या, धंदा बसला. शोध लागला तो बोटींच्या तळाशी. १९८२ मध्ये फ्रान्सनं २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर त्या रंगाला बंदी घातली तेव्हा कालवं पुन्हा धरू लागली. साऱ्या जगातल्या जहाजांवर बंदी यायला २००८ उजाडलं. आज मरिनात तो रंग नसेल. पण तांब्याचे आणि आणखी कसले असतात, कारण बोट महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिली की तळ साफ ठेवावाच लागतो. आमच्या होड्या रोज हलतात. आमच्याकडे लाकडाला मुशीचं तेल चोपडायचे. वासानं माणूस पळेल, पण कालव पळत नसे.

‘आणि आपली कालवं?’ माझी वहिनी तेवढ्यात आतून म्हणाली. खाडीच्या खडकांवरची कालवं काढायला तिचा कोयता आणि डबा घेऊन ती अजून जाते. होडीचे पैसे भावाचे, कालवांचे पैसे तिचे. भाऊ गप्प बसला. तो पटून गप्प बसला की वहिनी बोलली म्हणून, हे मला अजून माहीत नाही.

खरं सांगायचं तर भावाचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही. मरिनाला नाही म्हणणं नावशीला जेवढं स्वच्छ होतं तेवढं आमच्याकडे नाही. त्यांचं पाणी चालतं आहे, ते राखायचं होतं. आमचं निम्मं बुजलेलं आहे आणि सरकारी कागदावर ते बुजलेलंच बरं दिसतं: ओसाड, वापरात नसलेलं, म्हणून ‘विकासा’ला मोकळं. ज्या नदीची दुरुस्ती वेळेवर होत नाही तिच्यावर असली स्वप्नं उतरतात. चिपळूणकरांनी हे जिवानिशी अनुभवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतर डिसेंबरमध्ये लोक गाळासाठी उपोषणाला बसले आणि तेव्हा कुठे वाशिष्ठी-शिव नद्यांतून डंपर फिरू लागले. आमच्या जोग नदीला पूर येऊन कुणाचं शहर बुडत नाही. बुडते ती एखादी होडी, आणि तिची बातमी दोन ओळींची.

मागच्या वर्षी बहिणीकडे गेलो तेव्हा पुन्हा नावशीला उतरलो. जाळं शिवणारे ते म्हातारे आता नाहीत. त्यांच्या जागी त्यांचा नातू बसला होता, कानात मोबाईलची दोरी, हातात तीच सुई. मरिनाचं काय झालं विचारलं, तर त्यानं हातानंच समोर दाखवलं. तिथे पाणी होतं. होड्या होत्या. ओहोटी लागली होती आणि चार बायका चिखलात वाकल्या होत्या.

यंदा मे अखेरीला, १ जूनची मासेमारी बंदी लागायच्या आधी, भाऊ होडी आत घ्यायला निघाला. मी आडखळच्या बाजूला बसून होतो. अकरापासून होडी तोंडाबाहेर उभी. पुढच्या टोकाला एक पोरगा बांबू पाण्यात टाकून खोली बघत होता, ओरडून सांगत होता आणि भाऊ मान हलवत होता: अजून नाही. किती निवेदनं, किती नकाशे, आणि शेवटी बांबू. अडीचच्या सुमारास भरतीचं पाणी दांड्यावर चढलं, तेव्हा इंजिन सुरू झालं. तळ एकदा घासला, आवाज माझ्यापर्यंत आला. मग होडी आत आली.

संध्याकाळी भाऊ जेवताना म्हणाला, ‘ती वडिलांची पिशवी कुठे आहे? त्यातला अर्ज जरा नीट लिहून दे. गाळ तोंडावरचा काढा, असं स्पष्ट लिही. आत तळं नको, तेही लिही.’

मी लिहायला बसलो तर वहिनीनं आतून सांगितलं, कालवांच्या खडकांचं नाव घाला.